काच खाणारा वायू

श्रोतेहो, आजचा विषय रसायनशास्त्राचा आहे, आणि बोलणारे आम्ही रसायनशास्त्राचे पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण निम्मे कारखान्यांच्या फाटकावर झाले आणि निम्मे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा हा अव्यापारेषु व्यापार कशासाठी, असा प्रश्न कुणाच्या मनात आला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर असे की, ज्या पदार्थाविषयी आम्ही बोलणार आहोत तो प्रयोगशाळेत जितका वापरला जातो त्याहून कितीतरी अधिक कारखान्यांत वापरला जातो. तिथे तो हाताळणाऱ्या माणसाला त्याचे नावही बहुधा ठाऊक नसते. ज्याला नाव ठाऊक आहे त्याच्या बोटाला तो लागत नाही, आणि ज्याच्या बोटाला लागतो त्याला नाव ठाऊक नाही. ही दरी बुजवण्याचा प्रयत्न कुणीतरी करायला हवा. आम्ही तो आमच्या परीने करतो आहोत.

या पदार्थाचे नाव हायड्रोजन फ्लुओराइड. पाण्यात विरघळवला म्हणजे त्याला हायड्रोफ्लुओरिक ॲसिड म्हणतात. कामगारांच्या तोंडी तो नुसता ‘एचएफ’ आहे. हायड्रोजनचा एक अणू आणि फ्लुओरीनचा एक अणू, इतकी त्याची साधी घडण. पण त्याच्या अंगचे गुण असे विलक्षण आहेत की, आम्लांविषयी सर्वसाधारण माणसाला जे जे ठाऊक असते ते ते इथे लागू पडत नाही. खरा धोका या विलक्षणपणातच आहे.

आधी त्याचे घराणे पाहू. फ्लुओरीन हे मूलद्रव्य निसर्गात सुटे म्हणून जवळजवळ सापडतच नाही. ते मुख्यतः एका दगडात बांधलेले असते. त्या दगडाला फ्लुओरस्पार म्हणतात. रंगाने कधी जांभळा, कधी हिरवा, कधी पांढरा, दिसायला देखणा आणि हाताळायला पूर्णपणे निरुपद्रवी. धातू वितळवताना हा दगड भट्टीत टाकला की मळी पातळ होऊन वाहू लागते, हे युरोपातल्या खाणकामगारांना सोळाव्या शतकातच ठाऊक होते. ‘वाहणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरूनच त्या दगडाला, आणि दगडावरून मूलद्रव्याला नाव मिळाले. आपल्याकडे गुजरातेत आंबाडुंगर येथे याचा मोठा साठा आहे. तरीही आम्ल बनवण्याच्या लायकीचा शुद्ध फ्लुओरस्पार भारताला बहुतांशी बाहेरूनच आणावा लागतो.

स्वीडनमधला औषधविक्रेता कार्ल शेले याने १७७१ साली हा दगड गंधकाम्लात घालून काचेच्या बकपात्रात तापवला. एक झोंबणारा वायू निघाला आणि बकपात्राची काच आतून खरवडल्यासारखी झाली. सोने विरघळवणारे आम्लही ज्या काचेत खुशाल ठेवता येते, ती काच खाणारा हा पदार्थ कोण, असे कोडे पडले. पुढे १८१० च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ अँपिअर याने इंग्लंडमधल्या हम्फ्री डेव्हीला पत्राने सुचवले की, यात क्लोरीनसारखेच एक अज्ञात मूलद्रव्य दडलेले असावे. मग ते मूलद्रव्य सुटे करण्याची चढाओढ लागली. पाऊण शतक ती चालली, आणि तिने माणसे खाल्ली. स्वतः डेव्ही या वायूने आजारी पडला. आयर्लंडमधले नॉक्स बंधू जायबंदी झाले. बेल्जियमचा लुए आणि फ्रान्समधल्या नान्सी गावचा निक्लेस हे दोघे प्राणास मुकले. अखेर २६ जून १८८६ रोजी आंरी म्वासाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्लॅटिनमच्या उपकरणात, निर्जल हायड्रोजन फ्लुओराइडमधून वीज खेळवून फ्लुओरीन वेगळा केला. १९०६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९०७ च्या फेब्रुवारीत तो वारला.

या शास्त्रज्ञांना आपण विज्ञानाचे हुतात्मे म्हणतो आणि ते योग्यच आहे. परंतु एक फरक ध्यानात ठेवावा. आपण कशाशी खेळतो आहोत हे त्यांना ठाऊक होते आणि तो खेळ त्यांनी आपखुशीने पत्करला होता. पिंपावर नाव नसलेले ॲसिड रोजंदारीवर ओतणाऱ्या मुलाने काही पत्करलेले नसते.

आता हा वायू कारखान्यात तयार कसा होतो ते पाहू. गंमत अशी की, शेलेने अडीचशे वर्षांपूर्वी जे केले तेच आजही केले जाते, फक्त काचेच्या जागी पोलाद आले आहे. फ्लुओरस्पार दळून पिठासारखा करतात. त्यात शेकडा ९७ वा त्याहून अधिक शुद्ध कॅल्शियम फ्लुओराइड असावे लागते. हे पीठ आणि तीव्र गंधकाम्ल एका लांब, आडव्या, सावकाश फिरणाऱ्या पोलादी भट्टीत घालतात. भट्टीला बाहेरून आच देतात, कारण ही क्रिया आपली आपण उष्णता पुरवत नाही. साधारण २०० ते २५० अंश सेंटिग्रेडला दगडातला फ्लुओरीन गंधकाम्लातल्या हायड्रोजनशी जोडला जातो आणि वायुरूपाने निघून येतो. मागे उरतो तो कोरडा जिप्सम. तो भट्टीच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो.

हिशेब सोपा आहे. एक टन वायू मिळवायला पुस्तकी हिशेबाने १.९५ टन फ्लुओरस्पार आणि २.४५ टन गंधकाम्ल लागते, आणि ३.४ टन जिप्सम पदरी पडतो. प्रत्यक्षात कच्चा माल थोडा जास्तच लागतो. दगडात वाळूचा अंश असला तर तो वायू आयताच गिळून बसतो. एक किलो वाळू दोन किलो हायड्रोजन फ्लुओराइड खाते, म्हणून दगडाच्या शुद्धतेवर एवढा कटाक्ष. भट्टीतून निघालेला वायू धुऊन, थंड करून द्रवरूप करतात, पुन्हा ऊर्ध्वपातनाने शुद्ध करतात आणि पोलादी टाक्यांत भरतात.

पोलादी टाकीत आम्ल कसे टिकते, असे कुणी विचारील. निर्जल किंवा अतिशय तीव्र असताना हे आम्ल लोखंडावर लोह-फ्लुओराइडचा एक पातळ पापुद्रा धरते, आणि तोच पापुद्रा पुढच्या लोखंडाचे रक्षण करतो. पाणी मिसळून आम्ल पातळ झाले, साधारण शेकडा ७० च्या खाली आले, की तो पापुद्रा टिकत नाही आणि आम्ल पोलाद खाऊ लागते. म्हणजे या आम्लात पाणी शिरणे टाकीला धोक्याचे. पातळ आम्ल म्हणूनच प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये विकतात, आणि काचेच्या बाटलीत ते कधीच ठेवत नाहीत. वाळू, काच, चिनी माती, ग्रॅनाइट या सर्वांत सिलिका असते आणि सिलिका हे त्याचे खाद्य आहे.

दुसरा गुण त्याच्या उत्कलनबिंदूचा. हायड्रोजन क्लोराइड हा याचा सख्खा चुलतभाऊ. तो उणे ८५ अंशाला उकळतो, म्हणजे आपल्याकडे तो नेहमी वायूच. हायड्रोजन फ्लुओराइड मात्र १९.५ अंशाला उकळतो. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे तो द्रव आणि त्याच दिवशी दुपारी तो वायू. याचे कारण असे की, याचे रेणू एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात आणि सहजी सुटत नाहीत. एकटा रेणू हवेहून हलका, पण साखळीतला जड. त्यामुळे टाकी फुटली तर हा वायू धुरासारखा वर निघून जात नाही. तो थंड, पांढऱ्या ढगाच्या रूपाने जमिनीलगत सरपटत जातो. वस्ती, शाळा, गोठे हे सारे जमिनीलगतच असतात, हे सांगायला नको.

तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. रसायनशास्त्राच्या भाषेत हे आम्ल, पाण्यात पातळ केलेले असताना, ‘दुबळे’ आहे. हा शब्द ऐकून माणूस निर्धास्त होतो, आणि इथेच फसतो. सबळ आम्ल पाण्यात गेले की त्याचे विद्युतभारित तुकडे होतात आणि ते तुकडे कातडीवरच झगडा मांडतात. गंधकाम्ल अंगावर पडले तर माणूस तत्क्षणी ओरडतो आणि नळाकडे धावतो. दुबळ्या आम्लाचे बहुतेक रेणू मात्र अखंड राहतात. त्यांच्यावर भार नसतो, म्हणून कातडी त्यांना अडवत नाही. ते मुकाट्याने आत उतरतात, मांसात आणि हाडापर्यंत जातात, आणि तिथे फुटून आपला फ्लुओराइड सोडतात.

फ्लुओराइडची ओढ कॅल्शियमकडे. ज्या दगडातून त्याला ओढून काढले तो दगड म्हणजे कॅल्शियम फ्लुओराइडच होता. शरीरात शिरलेला फ्लुओराइड तोच दगड पुन्हा बनवू पाहतो, आणि त्यासाठी कॅल्शियम घेतो ते आपल्या पेशींतले, रक्तातले, हाडांतले. हा हिशेबही मांडून पाहावा. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तातले कॅल्शियम एका ग्रॅमहून कमी भरते. आणि एक भार कॅल्शियम बांधून टाकायला एकच भार हायड्रोजन फ्लुओराइड पुरतो. हाडे रक्ताला कॅल्शियम पुरवतात हे खरे, पण तितक्या तातडीने नाही. रक्तातले कॅल्शियम एकदम घटले की हृदयाचा ठोका चुकतो आणि माणूस दगावतो. निर्जल आम्लाने शरीराचा शेकडा अडीच भाग भाजला, म्हणजे आपल्या अडीच तळव्यांएवढा, तरी मृत्यू येऊ शकतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. वरवर पाहणाऱ्याला ती जखम मरण आणील अशी वाटतच नाही.

आणि वेदना? ती उशिरा येते. आम्ल शेकडा ५० हून तीव्र असेल तर लगेच. २० ते ५० च्या दरम्यान असेल तर एक ते आठ तासांनी. २० हून पातळ असेल तर कधी कधी चोवीस तासांनी. कातडी आधी जेमतेम लाल दिसते. वायूच्या रूपात असताना तो निदान नाकाला झोंबतो आणि पळायला सांगतो. पातळ द्रावण मात्र अगदी गप्प असते. वेदना हा शरीराचा भोंगा आहे. यंत्रात हात सापडला, निखारा पायाखाली आला, तर हा भोंगा वाजतो आणि माणूस वाचतो. हे आम्ल तो भोंगा वेळेवर वाजूच देत नाही. म्हणून आमचे आजचे सारे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: जिथे वेदना इशारा देत नाही, तिथे तो इशारा ज्ञानाने दिला पाहिजे, आणि ते ज्ञान काम करणाऱ्या माणसाच्या हाताशी असले पाहिजे.

हे म्हणणे मोघम वाटू नये म्हणून आमच्या कामात पाहिलेली एक हकीकत सांगतो. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवणारी एक छोटी शेड होती. स्टीलला वेल्डिंग केले की सांध्याजवळ निळसर-काळा डाग पडतो. तो घालवायला ‘पिकलिंग पेस्ट’ नावाचे मलम ब्रशने लावतात. त्यात नायट्रिक आम्ल असते आणि त्याच्या जोडीला हायड्रोफ्लुओरिक. एकोणीस-वीस वर्षांचा एक मदतनीस फाटके रबरी हातमोजे घालून दिवसभर ती पेस्ट लावत होता. मोठ्या डब्यातून ती आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात काढून दिलेली, म्हणजे लेबलाचा प्रश्नच नाही. संध्याकाळी त्याने साबणाने हात धुतले आणि घरी जाऊन जेवला. रात्री अकराच्या सुमारास नखांच्या खाली ठणका सुरू झाला. पहाटे तो गडाबडा लोळत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, “काय लागले?” तो म्हणाला, “पेस्ट.” कसली पेस्ट, ते त्याला सांगता येईना. वरवर भाजल्याचे औषध लावून आणि वेदनाशामक गोळी देऊन त्याला घरी पाठवले. आम्हांला निरोप मिळाला तो तिसऱ्या दिवशी. दोन बोटांची टोके गेली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, “भाऊ, तो तर म्हणत होता, हाताला काही झालंच नाही!” त्या माउलीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तो काही झालेच नाही असे म्हणत होता त्या सहा तासांतच सारे काही झाले होते.

या प्रकरणात डॉक्टरांना दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. त्यांना आम्लाचे नाव कळते तर उपाय सोपा होता. फ्लुओराइडला कॅल्शियम हवे असते ना? मग शरीरातले लुटण्याआधी आपणच बाहेरून द्यावे, हेच त्या उपायाचे तत्त्व. कॅल्शियम ग्लुकोनेटचे शेकडा अडीचचे जेल याच कामासाठी मिळते. रीत अशी: अंगावर पडताक्षणी, दुखो वा न दुखो, भिजलेले कपडे उतरवावेत आणि तो भाग वाहत्या पाण्याखाली धरावा. जेल हाताशी असेल तर पाच मिनिटे धुऊन लगेच चोळायला घ्यावे. नसेल तर पंधरा मिनिटे धुवावे आणि तोवर जेल मिळवावे. चोळणाऱ्याने स्वतः हातमोजे घालावेत. जेल वरचेवर लावत, चोळत राहावे आणि त्याच अवस्थेत रोग्याला रुग्णालयात न्यावे. तिथे ‘हायड्रोफ्लुओरिक’ हा शब्द स्पष्ट उच्चारावा, जमल्यास चिठ्ठीवर लिहून द्यावा. वेदना थांबणे ही इथे उपाय लागू पडल्याची खूण असते. म्हणून नुसती वेदना मारणारे औषध देणे म्हणजे खूणच पुसून टाकणे होय. डोळ्यांत उडाले तर जेल लावू नये. भरपूर पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन थेट डॉक्टरांकडे न्यावे. वायू छातीत गेला असेल तर माणसाला मोकळ्या हवेत आणावे, आणि त्याला कितीही बरे वाटले तरी घरी सोडू नये, कारण फुप्फुसात पाणी भरायला काही तास जावे लागतात.

एकदम न मारता वर्षानुवर्षे हाडांत साठत जाणे हीही फ्लुओराइडची एक तऱ्हा आहे. कोपनहेगनच्या क्रायोलाइट कारखान्यातल्या कामगारांची हाडे धुळीतल्या फ्लुओराइडने दाट आणि ताठ झाल्याचे डेन्मार्कमधल्या डॉक्टरांना आढळले. काय रोहोल्म याने १९३७ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. यवतमाळ आणि चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरींच्या पाण्यातून होणारा हाडांचा आणि दातांचा विकार याच जातीचा. पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आपण वायूकडे परत येऊ.

आतापर्यंत एका माणसाच्या बोटाविषयी बोललो. आता टाकीविषयी बोलू. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात १९८६ साली मुद्दाम हा द्रव सोडून पाहण्यात आला. द्रवाचे जमिनीवर थारोळे होईल आणि ते हळूहळू उडेल, अशी पूर्वी समजूत होती. थारोळे झालेच नाही. सगळाच्या सगळा द्रव बारीक तुषारांच्या ढगात गेला आणि तो ढग कित्येक किलोमीटर वाहत गेला. त्याच प्रयोगमालिकेच्या पुढच्या भागात असे दिसले की, निघणाऱ्या वायूच्या चाळीसपट पाणी फवारले तर शेकडा नव्वदच्या आसपास वायू पाण्यात उतरतो. म्हणजे धोका कळला आणि उपायही कळला.

पुढच्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९८७ रोजी, टेक्सास सिटी या गावच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात क्रेनने उचललेला भट्टीचा एक अवजड भाग निसटला आणि या आम्लाच्या टाकीवरच्या नळांवर कोसळला. सुमारे चार हजार लोकांना घरे सोडावी लागली आणि सुमारे एक हजारांवर उपचार करावे लागले. कुणी मेले नाही, हे नशीब. भरलेल्या टाकीच्या डोक्यावरून बोजा नेऊ नये, एवढे शहाणपण कुठल्याही जुन्या खलाशाला असते. ते नियमात उतरायला मात्र अपघात व्हावा लागला.

दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात २७ सप्टेंबर २०१२ रोजी नशिबाने साथ दिली नाही. टँकरमधून वायू उतरवून घेताना झडप उघडली गेली आणि सुमारे आठ टन वायू बाहेर पडला. पाच कामगार मेले. त्यांच्या अंगावर या कामाला लागणारा संरक्षक पोशाख नव्हता. पुढच्या दिवसांत तीन हजारांहून अधिक लोकांनी उपचार घेतले, शेजारच्या गावांतली उभी पिके करपली, गुरे आजारी पडली. या वायूवर उतारा म्हणून चुना लागतो. चुना त्याला पुन्हा निरुपद्रवी दगड करून टाकतो. तो चुना तिथे वेळेवर पोचला नाही. लोकांना आधी घरी परतू दिले आणि मग पुन्हा गावाबाहेर काढावे लागले. ८ ऑक्टोबरला तो भाग सरकारने विशेष आपत्तिग्रस्त म्हणून जाहीर केला. वायू कोणता, तो किती पसरला आणि उतारा काय, हे वेळेवर ठाऊक नसणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण नको.

तिसरे उदाहरण फिलाडेल्फियाचे, आणि ते आम्हांला विशेष मोलाचे वाटते. २१ जून २०१९ च्या पहाटे तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एका नळाचे कोपर फुटले. ते १९७३ च्या सुमारास बसवलेले होते. त्याच्या पोलादात निकेल आणि तांबे जास्त होते, आणि असे पोलाद हे आम्ल लवकर खाते. शेजारच्या नळांची जाडी वेळोवेळी मोजली जात होती. या एका कोपराची मोजलीच गेली नव्हती. झिजून ते कागदासारखे झाले आणि फाटले. आग लागली, स्फोट झाले. नियंत्रणकक्षात बसलेल्या कर्मचाऱ्याने तत्काळ कळ दाबून टाकीतले उरलेले आम्ल दूरच्या सुरक्षित टाकीत उतरवले. पाण्याच्या फवाऱ्याचा पंप मात्र स्फोटामुळे कक्षातून सुरू होईना. तेव्हा एक कामगार संरक्षक पोशाख घालून आगीच्या बाजूला चालत गेला आणि त्याने तो हाताने सुरू केला. सरकारी चौकशीनुसार सुमारे ५,२०० पौंड आम्ल सुटले, त्यातले सुमारे २,००० पौंड पाण्याने पकडले. टाकीत याच्या कितीतरी पट आम्ल होते आणि भोवती दाट वस्तीचे शहर होते. ते शहर वाचवले ते ठाऊक असलेल्या माणसांनी. कोणती कळ कधी दाबायची हे एकाला ठाऊक होते आणि पंप कुठे आहे हे दुसऱ्याला. ज्ञान कामगाराच्या हाती असले म्हणजे काय होते, ते इथे दिसते.

मग असला वायू बनवावाच कशाला, असा प्रश्न भगिनीवर्गातून नेहमी येतो. उत्तर असे की, आपल्या घरात त्याचा हात लागलेल्या वस्तू पुष्कळ आहेत. फ्रीजमधला वायू, तव्यावरचे न चिकटणारे अस्तर, ॲल्युमिनियम गाळायला लागणारी क्षारे, अणुभट्टीच्या युरेनियमवरची प्रक्रिया, संगणकाच्या चिपा, कित्येक औषधे, या साऱ्यांच्या मुळाशी हा आहे. कपडे धुण्याच्या पावडरीतला मुख्य घटक बनवायलाही तो अनेक ठिकाणी वापरतात. तेव्हा त्याला एका ठरावाने हद्दपार करा असे म्हणणारे आम्ही नव्हे. पण जिथे त्याच्यावाचून चालते तिथे तो कशाला, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. पावडरीच्या घटकासाठी घन उत्प्रेरकाची रीत १९९५ पासून वापरात आहे. वेल्डिंगचा डाग विजेच्या साहाय्याने, या पेस्टशिवाय काढता येतो. अमेरिकेत पोलाद कामगारांच्या संघटनेने २०१३ साली, या आम्लावर चालणाऱ्या पन्नास तेलशुद्धीकरण कारखान्यांतल्या धोक्याचा अहवाल स्वतः तयार करून प्रसिद्ध केला आणि पर्यायांची मागणी केली. संघटना म्हणजे केवळ बोनसचा तंटा नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले.

आपल्याकडे भोपाळच्या १९८४ च्या हत्याकांडानंतर, १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणे मालकावर बंधनकारक झाले. धोका समोर दिसला तर इशारा देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. हजारो प्रेतांनी मिळवून दिलेली ही कलमे आहेत. परंतु तो कायदा सामान्यतः दहापेक्षा कमी माणसांच्या शेडपर्यंत पोचत नसे, आणि २०२० च्या नव्या संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची ही मर्यादा दहावरून वीसवर नेली. पेस्ट मात्र दोन माणसांच्या शेडमध्येही तितकीच खोल उतरते. आम्लाला हजेरीपट मोजता येत नाही.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्वस्त आहेत. प्रत्येक डब्यावर, काढून घेतलेल्या छोट्या डब्यावरसुद्धा, मराठीत आणि काम करणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत आम्लाचे नाव असावे. जिथे पेस्ट तिथे जेल असावे, आणि ते कपाटाला कुलूप लावून ठेवलेले नसावे. हातमोजे फाटले की त्याच दिवशी बदलावेत. जवळच्या दवाखान्यात, अपघात होण्यापूर्वीच, एक चिठ्ठी नेऊन द्यावी की आमच्याकडे हे आम्ल वापरतात. मोठ्या कारखान्यात नळांच्या जाडीचे मोजमाप कामगार प्रतिनिधीला दाखवावे. आणि ‘मला काही झाले नाही’ असे म्हणणाऱ्या माणसालाही धुऊन, जेल लावून, डॉक्टरांपुढे उभे करावे. यासाठी नवे शोध नकोत की परदेशी तज्ज्ञ नकोत.

श्रोत्यांपैकी कुणाचा मुलगा, भाऊ वा शेजारी वेल्डिंगच्या शेडमध्ये, भांडी पॉलिश करण्याच्या गाळ्यात, काचेवर नक्षी कोरण्याच्या कामावर जात असेल. त्याला आज रात्री एवढेच विचारा की, तुझ्या डब्यात काय आहे? त्याला सांगता आले नाही, तर उद्या कामाला हात लावण्यापूर्वी ते विचारून घ्यायला सांगा. एकट्याने विचारायची भीती वाटत असेल, तर चार जणांनी मिळून विचारावे. संघटनेची सुरुवात तिथूनच होते.